पेजेची वाटी

घरातला स्वयंपाक हा नीतीच्या चिंतनाचा विषय होऊ शकतो, असे कुणी म्हटले तर आपल्यापैकी बहुतेकांना हसू येईल. सत्य, न्याय, क्षमा हे विषय व्यासपीठाचे. मीठ, मिरची आणि सरपण हे विषय चुलीपुढचे, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून टाकली आहे. आम्हीही ती निमूटपणे मानीत आलो होतो. परंतु गेल्या प्रायश्चित्तकाळात, एका शुक्रवारच्या संध्याकाळी, आमच्या घरी पेजेच्या एका वाटीवरून जे घडले, त्यामुळे या वाटणीविषयी आमचा विश्वास उरलेला नाही. घडले ते फारसे मोठे नव्हते. कुठल्याही घरात घडावे असेच होते, आणि म्हणूनच ते वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

आमचे बालपण वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांच्या गावात गेले. विहिरीवर रहाट, बावखलाच्या काठाने केळी, पानवेलींचे मांडव आणि घराच्या मागच्या बाजूस धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर, हे त्या काळचे चित्र आमच्या पिढीच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. पावसाळ्याच्या रात्री त्या स्वयंपाकघरात आई पेज करीत असे. मूठ-दोन मुठी जाडा तांदूळ, मडकेभर पाणी आणि मीठ, एवढेच तिचे साहित्य. तांदूळ फुटून पाण्याशी एकजीव होईपर्यंत ती मंद विस्तवावर राही. तोवर निखाऱ्यावर सुका बोंबील भाजला जाई. बोंबलाच्या अंगात पाणी फार. ताजा तो लवकर नासतो. म्हणून आमच्याकडे अर्नाळा, पाचूबंदर येथील कोळी बांधव दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात आणि ऊनवाऱ्यात वाळवतात. आगोटीपूर्वी अशा बोंबलांची बेगमी प्रत्येक घरी होत असे. भाजलेला बोंबील आई पाट्यावर हलकेच ठेचायची, त्यात कांदा आणि मिरची चुरडायची, आणि वाटी पुढे सरकवताना म्हणायची, "गरम आहे. फुंकून प्या रे." बाहेर कौलांवर पाऊस, आत विस्तवाची ऊब आणि हातात ती वाटी. स्वर्गाची कल्पना करण्यास सांगितले असते तर त्या वयात आम्ही याहून निराळे काही सांगितले नसते.

अशा चवींची पकड एवढी घट्ट का असते, याचा शोध लेखकांनी आणि शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चहात बुडवलेल्या केकच्या एका तुकड्यासरशी निवेदकाचे सारे बालपण उभे राहते, हे प्रसिद्धच आहे. वासाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट वाटेने पोचते, असे शरीरशास्त्र सांगते. इतकेच नव्हे, तर चवीची ओळख जन्माच्याही आधी सुरू होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या संस्थेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मातांना गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत, तर काहींना अंगावर पाजण्याच्या दिवसांत गाजराचा रस देण्यात आला. आणखी काही मातांनी केवळ पाणी घेतले. पुढे बाळांना गाजराच्या चवीचे अन्न भरवले, तेव्हा आईच्या वाटे ज्यांना त्या चवीची ओळख झाली होती, त्या बाळांनी तोंड कमी वाकडे केले. म्हणजे आईने खाल्लेले अन्न केवळ आपल्या हाडामांसात उतरत नाही, ते आपल्या आवडीनिवडीतही उतरते.

हे सारे खरे मानले तरी एक प्रश्न उरतो. तो शास्त्राचा नाही. ही चव आपल्याला मिळाली. आता ती पुढच्यांना देताना आपण नेमके काय देत असतो, आणि कोणासाठी?

त्या शुक्रवारी आमचा मुलगा, सूनबाई आणि दोन्ही नातवंडे घरी आली होती. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या आठवणीने मन भरून आले म्हणून म्हणा, किंवा मांसाहार वर्ज्य असल्यामुळे सहज सुचले म्हणून म्हणा, आम्ही जाहीर केले की आज स्वयंपाक आम्ही करणार, आणि आज पेज होणार. दुपारपासून आम्ही त्या तयारीत होतो. जाडा तांदूळ मुद्दाम शोधून आणला. गॅसवर भाजलेल्या बोंबलाला निखाऱ्याचा वास येत नाही, म्हणून परसात तीन विटा मांडून विस्तव केला. धुराने डोळे चुरचुरले, तेही गोड वाटले. संध्याकाळी सर्वांना बसवून आम्ही वाट्या वाढल्या आणि आईचेच वाक्य उच्चारले, "गरम आहे, फुंकून प्या."

नऊ वर्षांच्या नातवाने वाटीत डोकावून पाहिले आणि ती हळूच दूर सारली. "आजोबा, हे तर आजारी माणसांचं जेवण. मी कुठे आजारी आहे?"

मुलाच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला पोट बिघडल्यावरच पेज मिळाली होती, त्यामुळे त्याने आपल्या अनुभवाप्रमाणे एक रास्त शंका विचारली, एवढेच. परंतु आम्हांला संताप अनावर झाला. आजकालच्या मुलांना अन्नाची किंमत नाही, इथपासून तुझ्या पणजीने या पेजेवर आम्हांला वाढवले, इथपर्यंत आम्ही बरेच काही बोललो. वाटी संपेपर्यंत उठायचे नाही, अशी आज्ञाही केली. मूल रडत रडत पेज गिळू लागले. सूनबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मुलगा काही बोलला नाही. शेवटी आमच्या सौ. उठल्या, त्यांनी नातवाच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतः पिऊन टाकली. त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही.

रागाचा भर ओसरल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही स्वतःस विचारले की हे झाले तरी काय? ज्या अन्नात आमच्या बालपणाची सारी माया साठली होती, तेच अन्न आम्ही एका मुलाला शिक्षेसारखे दिले. त्याच्या आठवणीत आता पेज म्हणजे आजोबांचा चढलेला आवाज आणि गालांवरून ओघळणारे पाणी. आम्हांला मिळालेला वारसा पुढे नेण्याच्या नादात आम्ही तो आमच्याच हाताने मोडला होता.

खोलवर पाहता आम्हांला कबूल करावे लागले की ती पेज आम्ही नातवासाठी केलीच नव्हती. ती आम्ही स्वतःसाठी केली होती. आम्हांला पुन्हा सात वर्षांचे व्हायचे होते, आणि त्यासाठी समोर बसून आनंदाने पेज पिणारी मुले हवी होती. नातवाने त्या नाटकातील आपले काम नाकारले, याचाच आम्हांला राग आला. दुसऱ्याला देण्याच्या नावाखाली माणूस स्वतःलाच कसे वाढून घेतो, याचे इतके लहान आणि इतके स्पष्ट उदाहरण आम्ही क्वचितच पाहिले असेल. दान खरे की नाही, याची एक कसोटी असावी असे वाटते. घेणाऱ्याने 'नको' म्हटल्यावर देणाऱ्याच्या मनात काय उमटते, ते पाहावे. खेद उमटला तर त्यात प्रेम आहे. संताप उमटला तर आपण देत नसून काही वसूल करीत होतो.

या संदर्भात आमच्या एका भाच्याची गोष्ट आठवते. तो कॅनडात नोकरी करतो. परक्या देशातील पहिल्या हिवाळ्यात एकटे वाटले की तू काय करून खात होतास, असे आम्ही त्याला विचारले. सुकी मासळी किंवा इंदल असे काही उत्तर येईल अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "दोन मिनिटांच्या शेवया." आम्हांला धक्काच बसला. १९८३ साली आपल्या देशात आलेल्या त्या पाकिटातल्या पदार्थाला आम्ही कधी अन्न म्हणून मानलेच नव्हते. पण तो सांगत होता, "मामा, शाळेतून भिजून आलो की आई टॉवेलने डोकं पुसायची आणि शेवयांची बशी हातात द्यायची." त्याच्या बशीत आणि आमच्या वाटीत फरक तो काय? दोन्हींत बाहेर पाऊस होता आणि समोर आई होती. जुन्या पदार्थांत सत्त्व असते आणि नव्यांत ते नसते, असा जो अहंकार आमच्या पिढीत आहे, तो आहारशास्त्राच्या दृष्टीने काही अंशी टिकेलही. मायेच्या हिशेबात तो टिकत नाही.

येथवर आम्ही स्वतःची समजूत घालून घेतली होती. चूक झाली, ती कळली, आता नातवाची समजूत काढू, असे ठरवले होते. परंतु पुढच्याच आठवड्यात आमच्या मावशीकडे जाण्याचा योग आला. मावशी आता ८७ वर्षांची आहे. कान मंदावले आहेत, स्मरणशक्ती मात्र लख्ख. बोलता बोलता आम्ही तिला पेजेची हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "मावशी, आईच्या पेजेची सर काही आली नाही बघ."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आईला पेज आवडत नव्हती रे बाळा. तुला ठाऊक नाही?"

आम्हांला ठाऊक नव्हते. मग मावशीने जे सांगितले ते १९६६ च्या पावसाळ्याचे होते. त्या सुमारास देशात अन्नधान्याची टंचाई होती, हे इतिहासात नमूद आहे. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली, अमेरिकेतून पी. एल. ४८० या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर मोठी भिस्त होती; पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ साली जनतेला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. हे सारे आम्ही पुस्तकांतून वाचले होते. आमच्या घरात त्याचा अर्थ काय होता, ते मात्र मावशीने सांगितले. त्या पावसाळ्यात वडील पायाच्या दुखापतीने अंथरुणाला खिळले होते. वाडीतले उत्पन्न थांबले होते. रेशनचा तांदूळ आठवडा पुरत नव्हता. भात शिजवला तर तिघा मुलांना पुरे ना. तोच तांदूळ पाण्यात वाढवला की वाट्या भरत. "तळाची शितं तुम्हां पोरांच्या वाट्यांत घालायची," मावशी म्हणाली, "आणि वरचं पाणी मीठ घालून स्वतः प्यायची. बोंबीलही तुमच्यापुरताच. मी एकदा पाहिलं तर म्हणाली, पोरांसमोर काही बोलू नकोस, त्यांना पेज आवडते."

आणखी एक आठवण आम्हांला तेथेच बसल्या जागी झाली. ती लिहिताना हात जड होतो. आईच्या अखेरच्या आजारात तिला काही जाईना, तेव्हा आम्ही मोठ्या मायेने पेज करून नेली होती. चमचा ओठांशी नेताच तिने तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशीही तसेच. म्हातारपणाचा हट्ट म्हणून आम्ही थोडे रागावलोही होतो. पन्नासहून अधिक वर्षे जिची आठवणही तिला नको होती, ती चव आम्ही तिचे लाड म्हणून तिच्या तोंडाशी नेत होतो. तिने तेव्हाही काही सांगितले नाही.

वाचकहो, आमच्यापुढे उभा राहिलेला दुसरा प्रश्न हा आहे. आपल्याला ज्यातून सुख मिळाले ते दुसऱ्याच्या उपासातून आले होते, असे कळल्यावर त्या सुखाचे काय करायचे?

पवित्र शास्त्रात याला जवळची अशी एक जागा आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएली लोक रानात कुरकुरू लागले, तेव्हा त्यांना आठवण झाली ती तेथील मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्यांची आणि लसणीची. गणना या पुस्तकात ती यादी सविस्तर आली आहे. पाठीवरचे चाबकाचे वळ ते विसरले होते. चव विसरले नव्हते. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट ऐकताना आम्हांला ते लोक मूर्ख वाटत. आता वाटते की जिभेची स्मृती ही अशीच एकांगी असते. ती ऊब जपून ठेवते आणि त्या उबेसाठी कोण जळले ते गाळून टाकते. आम्ही कौलांवरचा पाऊस लक्षात ठेवला. आईची वाटी आम्ही पाहिलीच नव्हती, मग ती लक्षात कशी राहावी?

पण येथे एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढणे सोपे नाही. आईने ते मुद्दाम लपवले होते. मुलांच्या आठवणीत भूक राहू नये, तृप्ती राहावी, हीच तिची इच्छा होती, आणि ती तिने आयुष्यभर पाळली. मग मावशीचे बोलणे आम्ही पुढच्या पिढीला सांगावे, किंबहुना या मासिकाच्या पानांवर मांडावे, हा तिच्या इच्छेचा भंग नव्हे काय? आम्ही यावर बरेच दिवस विचार केला. आम्हांला वाटते, आईने भूक लपवली ती सात-आठ वर्षांच्या मुलांपासून. त्या वयात ते ओझे आम्हांला पेलले नसते, घासही उतरला नसता. ते तिचे शहाणपण होते. परंतु साठी ओलांडलेल्या मुलाने अजूनही त्या अज्ञानातच सुख मानावे, हा त्या शहाणपणाचा अर्थ होऊ शकत नाही. ज्या ऋणाची जाणीवच नाही त्याबद्दल कृतज्ञ तरी कसे व्हावे? आईचे मौन तोडताना संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. तरीही तिची आठवण खोट्या गोडव्यात ठेवण्यापेक्षा खऱ्या आदरात ठेवणे अधिक योग्य, असे आमचे मत झाले आहे.

दावीद राजाची एक कथा येथे उजेड देते. तो बेथलेहेमचा. शत्रूने ते गाव व्यापले असताना त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची तीव्र इच्छा झाली आणि ती त्याने बोलून दाखवली. पाणी इतरत्रही मिळत होते; त्याला हवे होते ते बालपणीचे पाणी. त्याच्या तीन वीरांनी शत्रूची फळी फोडून ते आणले. पण दाविदाने ते प्यायले नाही. ज्यासाठी माणसांनी आपला जीव धोक्यात घातला ते पाणी म्हणजे त्यांचे रक्तच, असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. आम्ही पेज ओतून टाकावी असे आम्हांला वाटत नाही. अन्न टाकणे हे आईला मुळीच आवडले नसते. परंतु या चवीची किंमत कुणीतरी मोजली आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाने तिला तोंड लावताना क्षणभर थांबावे, एवढे त्या कथेतून घेता येते.

याच्या उलट टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. आईची भूक कळल्यावर, "पणजी उपाशी राहिली आणि तू पेज टाकतोस?" असे नातवाला सुनावण्याचा मोह आम्हांला झाला नसेल असे समजू नये. कुणाच्या त्यागाची काठी करून दुसऱ्याला मारणे, हा त्या त्यागाचा सर्वांत वाईट उपयोग. आईने आम्हांला कधीही तसे सुनावले नाही. तिने उपास केला, पण त्याचे बिल कुणाच्या ताटाखाली ठेवले नाही.

मग सांगावे तरी कसे? या बाबतीत वल्हांडण सणाची रीत आम्हांला मननीय वाटते. बेखमीर भाकरीला शास्त्रात दुःखाची भाकर म्हटले आहे. घाईने देश सोडावा लागला, पीठ फुगण्यास वेळ मिळाला नाही, याची ती खूण. यहुदी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ती खात आली आहेत आणि तिला त्यांनी खोटी गोडी आणलेली नाही. त्याहून महत्त्वाचे असे की त्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचा असतो की ही रात्र इतर रात्रींहून निराळी का? मुलाच्या प्रश्नाला तेथे उद्धटपणा मानत नाहीत. त्या प्रश्नानेच गोष्ट सुरू होते. आमच्या नातवाने काय निराळे केले होते? मी आजारी नाही, मग ही पेज का, असेच त्याने विचारले होते. इतका नेमका प्रश्न आमच्या पदरात पडला, आणि आम्ही त्याला गप्प बसवले.

आता तिसरी गोष्ट. ती सर्वांत शेवटी ध्यानात आली, याची आम्हांला लाज वाटते.

मावशीकडून परतल्यावर आम्ही सर्व हकिकत सौ.ना सांगत होतो. बालपणीच्या चवीविषयी बरेच काही बोलून झाल्यावर आम्ही सहज विचारले, "तुमच्या माहेरी असं काय असायचं गं?" त्या हातातले काम थांबवून आमच्याकडे पाहू लागल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत," त्या म्हणाल्या. स्वरात तक्रार नव्हती. आश्चर्य होते, आणि तेच अधिक बोचले.

सौ.चे माहेर मालवणकडचे. लग्न होऊन आल्यावर त्या आमच्या आईच्या हाताखाली आमच्या घरची चव शिकल्या. आमच्याकडचा मसाला, आमच्याकडचे इंदल, आमच्याकडचे फुगे. त्या इतक्या उत्तम शिकल्या की आम्ही त्यांचे कौतुक करताना नेहमी म्हणत असू, "अगदी आईच्या हातची चव." हे कौतुक आहे असे आम्ही समजत होतो. त्या स्तुतीत त्यांचे स्वतःचे बालपण पुसले जात होते, हे आमच्या मनात कधी आले नाही. आपल्या समाजात प्रत्येक विवाहात दोन बालपणे एका चुलीपाशी येतात. पण चुलीवर शिजते ते बहुधा एकाचेच. स्त्री सासरी येते तेव्हा आपल्या आईचे आडनावच नव्हे, तर आपल्या आईची चवही उंबऱ्याबाहेर ठेवून येते, आणि मग आयुष्यभर दुसऱ्याच्या आईची आठवण रांधत राहते. याला आपण संस्कार म्हणतो. निदान आता तरी त्यात न्यायाचा प्रश्न आहे, हे मान्य करायला हवे.

त्यांना हवे होते ते शिरवाळे. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे शिजवायचे, ते गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली शेवया पडतात. त्यांवर गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस. साचा दाबायला जोर लागतो. त्यांच्या माहेरी तो वडील दाबत आणि आई खाली ताटली फिरवी. आमच्या घरी साचा दाबणारे कुणी नव्हते, म्हणून त्या पदार्थाचे नावच त्यांनी काढले नाही. साचा मिळवायला आम्हांला तीन आठवडे लागले. ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही तो दाबला. पहिल्या दोन घाण्यांत शेवयांचे तुकडे पडले. सौ.नी गोळा निवू न देण्याबद्दल आम्हांला दोनदा बजावले. तिसरा घाणा बरा उतरला. पहिला घास घेऊन त्या काही वेळ बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही. ती चव आम्हांला फार विशेष वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ती आमच्यासाठी नव्हतीच.

त्याच दिवशी आम्ही नातवाची माफी मागितली. मोठ्या माणसाने माफी मागितल्याने तो थोडा गोंधळला. मग त्याला १९६६ सालच्या पावसाळ्याची गोष्ट सांगितली, त्याच्या वयाला पेलेल एवढीच. त्याने विचारले, "मग पणजीला भूक लागायची नाही?"

"लागायची," आम्ही म्हणालो.

पुढे एका शुक्रवारी पुन्हा पेज केली. या वेळी वाट्या वाढल्या नाहीत. मडके मध्ये ठेवले आणि ज्याला हवी त्याने घ्यावी असे सांगितले. सूनबाईंनी घेतली. सौ.नी घेतली. नातवाने ठेचलेल्या बोंबलाचा एक तुकडा उचलला, तो त्याला आवडला आणि त्याने आणखी दोन घेतले. पेजेला त्याने हात लावला नाही. आम्ही काही बोललो नाही.

आपापल्या घरी जे बालपणीचे अन्न मायेने रांधले जाते, ते रांधणे थांबवावे असे या लेखातून कुणी समजू नये. ते रांधावे, अवश्य रांधावे. मात्र वाढण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. हे मी कोणासाठी करतो आहे? हे मला देण्यासाठी कुणी काय सोसले होते? आणि या ताटाभोवती बसलेल्यांपैकी कोणाचे बालपण आजवर या चुलीवर शिजलेच नाही? आपल्यापैकी अनेकांच्या घरी उत्तर देऊ शकणारी एखादी मावशी, एखादी आत्या अजून हयात असेल. तिला विचारायला फार उशीर करू नये. आम्ही आईला विचारले नाही, आणि आता विचारता येत नाही.